हजार सिनेमे केलेला नट: ओनोए मात्सुनोसुकेची केस

17 वर्षं, हजाराच्या वर सिनेमे, आणि आज त्यातले धडपणे बघता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जपानचा पहिला फिल्मस्टार म्हणून ओनोए मात्सुनोसुकेचं नाव सगळीकडे घेतात (ओनोए हे आडनाव, जपानीत ते आधी येतं), पण त्याच्याबद्दल वाचायला घेतलं की लिहिणारे एका वाक्यात त्याला स्टार म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात नाक मुरडतात. नाटकी होता, जुनाट होता, कॅमेऱ्यासमोर नुसता डोळे वटारून उभा राहायचा वगैरे वगैरे. आता हा माणूस इतकाच टुकार होता तर 1909 पासून 1926 पर्यंत, म्हणजे अगदी मरेपर्यंत, एवढी मोठी कंपनी त्याच्या जिवावर कशी काय चालली? मला या केसमध्ये तेच बघायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत सस्पेन्स नको: त्याच्या नावावर जे दोष चिकटवलेत त्यातले बरेचसे धंद्याच्या हिशोबातून आलेत, आणि ज्या हिशोबाने त्याला वर नेलं त्याच हिशोबाने त्याला एका जागी खिळवून पण ठेवलं.

माणूस कोण होता

जन्म 1875 चा, ओकायामाचा, खरं आडनाव नाकामुरा. लहानपणापासून स्टेजवर, पुढे फिरत्या काबुकी (जपानची जुनी नाच-गाण्यांची रंगभूमी) कंपन्यांमधून गावोगाव. काबुकीत घराण्याला केवढं महत्त्व असतं हे माहीत असेल तर लक्षात येईल की हा त्या मोठ्या घराण्यांपैकी कुणीच नव्हता, ओनोए मात्सुनोसुके हे नावसुद्धा या फिरतीच्या काळातच घेतलेलं. टोकियोच्या बड्या थिएटरांत याला कुणी विचारलं नसतं. पण फिरत्या कंपनीत राहून एक गोष्ट मात्र अंगात मुरते, आज हा रोल उद्या तो, तयारीला वेळ नाही, प्रॉम्प्टर असेल तर असेल नसेल तर नाही, आणि समोरचं पब्लिक शेतावरून थेट आलेलं, त्याला पहिल्या पाच मिनिटांत पकडलं नाही तर ते सरळ गप्पा मारायला लागतं. उड्या, कोलांट्या, तलवारीची मारामारी यात तो तयार होता. सिनेमावाल्यांना नेमकं हेच पाहिजे होतं.

दुसरा माणूस माकिनो शोझो. हा क्योतोचा, मात्सुनोसुकेपेक्षा तीन वर्षांनी लहान, आईच्या मालकीचं सेन्बोन-झा नावाचं थिएटर चालवायचा. तिसरा योकोता एइनोसुके, तो धंदेवाला. 1897 मध्ये इनाबाता नावाच्या व्यापाऱ्याने ल्युमिएरचं सिनेमा दाखवायचं यंत्र जपानात आणलं आणि ते काम थोड्याच दिवसांत योकोताकडे आलं, त्यातून त्याची योकोता शोकाई ही कंपनी उभी राहिली. या योकोताला आता परदेशी रिळांसोबत जपानी गोष्टी दाखवायच्या होत्या, आणि माकिनोकडे थिएटर होतं, नट होते, सेट होते, कपडे होते. 1908 मध्ये माकिनोने क्योतोच्या शिन्न्योदो देवळाच्या आवारात ‘होन्नोजी कास्सेन’ हा पहिला सिनेमा काढला. मग हाताशी एक कायमचा नट पाहिजे म्हणून शोध सुरू झाला आणि ओकायामाकडे गेलेला असताना त्याला मात्सुनोसुके सापडला. माकिनो कोन्को पंथाचा भाविक, आणि त्या पंथाचं मुख्य ठाणं ओकायामाकडेच, त्यामुळे तिकडे त्याचं जाणंयेणं असायचं. 1909 मध्ये ‘गोबान तादानोबु’ आला आणि गाडी सुरू झाली. तेव्हा मात्सुनोसुके 34 वर्षांचा होता, म्हणजे अगदीच कोवळा हिरो नव्हे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी सिनेमात काम करणं काबुकीवाल्यांच्या दृष्टीने हलकं होतं. लाकडी रंगमंच सोडून मातीत नाचणारे नट म्हणून हिणवायचे, आणि एकदा का सिनेमात गेलात की मोठ्या थिएटरांचे दरवाजे बंद. म्हणजे मात्सुनोसुकेसाठी परतीचा रस्ता जवळपास नव्हताच, आणि तसं बघितलं तर परत जाऊन गमावण्यासारखं त्याच्याकडे होतं तरी काय. मला वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या निर्णयांत हे कुठेतरी आहे.

रतीब

1912 च्या सप्टेंबरमध्ये चार कंपन्या एकत्र आल्या, योकोता शोकाई, योशिझावा, एम. पाथे आणि फुकुहोदो, आणि निक्कात्सु तयार झाली. टोकियोत मुकोजिमाला एक स्टुडिओ, तिथे आधुनिक काळातली रडारड असलेली नाटकं. क्योतोत दुसरा, तिथे ऐतिहासिक, सामुराई, नायक-खलनायक, भुतंखेतं. क्योतोचा कारभार माकिनोच्या हातात आणि क्योतोचा हिरो एकच. निक्कात्सुशी बांधलेली थिएटरं देशभर, आणि त्यांना सतत नवीन माल पाहिजे. 17 वर्षांत हजार म्हणजे सरासरी वर्षाला 58-59, आठवड्याला एकाहून जास्त. भरात असताना तर महिन्याला आठ-नऊ सिनेमे निघायचे. सुरुवातीचे सिनेमे लांबीने छोटे होते हे खरंय, पण तरीही नऊ म्हणजे नऊ, दूधवाल्याने रतीब घालावा तसा हा माणूस दाराशी हजर.

हे जमायचं कसं? कारण जेवढं म्हणून कापता येईल तेवढं कापलेलं होतं. पहिली कात्री स्क्रिप्टवर, ते नसायचंच. माकिनोच्या डोक्यात गोष्टी तयार असायच्या, कोदान म्हणजे कथेकरी सांगायचे त्या वीरांच्या कथा, काबुकीतले गाजलेले प्रवेश, आणि 1911 पासून ओसाकाहून निघायला लागलेली ताचिकावा बुन्को नावाची खिशात मावणारी स्वस्त पुस्तकं, ज्यातले निन्जा पोरांच्या तोंडी बसलेले होते. गोष्ट सगळ्यांनाच माहीत, नटांना, कॅमेरावाल्याला, पब्लिकला. मग माकिनो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ओरडायचा, आता तू असं म्हण, आता तू डावीकडून ये, आता पड. नट ते ऐकून तिथल्या तिथे म्हणायचे आणि करायचे. मूकपट असल्यामुळे त्याचा आवाज कुठे येणार नव्हता.

कॅमेरा एका जागी, लांबून, पूर्ण अंग दिसेल असा. रीळ संपलं की माकिनो थांबा म्हणून ओरडायचा आणि सगळे जण जिथे आहेत तिथे पुतळ्यासारखे उभे, तलवार वर तर वर, पाय उचललेला तर उचललेला, नवीन रीळ भरेपर्यंत. भरलं की पुढे चालू. असं सांगतात की एकदा या मधल्या वेळात एक नट लघवीला निघून गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि फिल्म धुवून बघितली तर पडद्यावर माणूस फाटकन गायब, आणि माकिनोला तिथून निन्जा सिनेमांची चावी सापडली. पॅरिसच्या मेलिएसबद्दल (सुरुवातीच्या ट्रिक सिनेमांचा बादशहा) पण कॅमेरा अडकल्याची अशीच गोष्ट सांगतात, त्यामुळे मी हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही, पण नटांना गोठवून रीळ बदलायची पद्धत मात्र खरी होती, आणि त्या पद्धतीतून ही ट्रिक सापडणं अगदी साहजिक आहे.

कच्ची फिल्म परदेशातून यायची, महाग पडायची, म्हणून कॅमेऱ्याचा दांडा हळू फिरवायचा, सेकंदाला जेवढ्या फ्रेम घ्यायच्या त्यापेक्षा कमी घ्यायच्या. त्याचा परिणाम काय, तर पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. मारामारीत ते बरं दिसतं, पण गंभीर प्रसंगात हसू येतं. आज यूट्यूबवर तुकडे बघून लोक म्हणतात की काय हा अभिनय, आणि त्यातला अर्धा दोष कॅमेऱ्याच्या दांड्याचा असतो, त्यात प्रोजेक्शनचा वेग चुकला की झालंच.

बायकांचे रोल पुरुषच करायचे, काबुकीतले ओन्नागाता. यात आपल्याला नवल वाटायचं काही कारण नाही, 1913 साली फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंकेच होते. फरक एवढाच की जपानात ही पद्धत 1922-23 पर्यंत टिकली, कारण तिथे हे काम करणाऱ्या तयार नटांची अख्खी फळी होती आणि कंपन्यांना ती मोडायची घाई नव्हती.

आणि बेन्शी. हा विषय निघाला की मी वाहवत जातो त्यामुळे थोडक्यात: पडद्याच्या बाजूला माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा, संवाद म्हणायचा, आणि मात्सुनोसुकेच्या सिनेमांना तर बऱ्याचदा एक नाही, चार-पाच बेन्शी, प्रत्येकाने एकेका पात्राचा आवाज वाटून घेतलेला, जोडीला शामिसेन हे तारवाद्य, ढोल आणि लाकडी टाळ्यांचा ठेका. आता विचार करा, आवाज बाहेरून येतोय, भावना बाहेरून येतायत, गोष्ट आधीच पाठ आहे, मग नटाच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा न्यायची गरज काय? उलट सारखे तुकडे जोडले तर बेन्शीची लय मोडणार, त्याला संवाद पुरा करायला लांब शॉटच पाहिजे. म्हणजे जे नंतर मागासलेपण ठरलं ते त्या थिएटरात बसून बघितलं तर बिनचूक बसणारं होतं.

डोळे

त्याचं टोपणनाव मेदामा नो मात्चान, डोळेवाला मात्चान. काबुकीत मोक्याच्या क्षणी नट गोठतो, मान झटकतो, डोळे फिरवून रोखतो, त्याला मिए म्हणतात. मात्सुनोसुकेने ते पडद्यावर आणलं आणि पब्लिकमधून आरोळी आली, तिथून नाव पडलं. हे नुसतं नखरे म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, धूसर प्रिंटवर, मागच्या रांगेतल्या पोराला हिरो कुठला आणि आता काय चाललंय हे कळायला पाहिजे. क्लोजअप नसताना क्लोजअपचं काम तो डोळ्यांनी करून घेत होता. माझ्या मते हा त्याचा खरा शोध आहे आणि त्याबद्दल त्याला कुणी फारसं श्रेय देत नाही.

1921 चा ‘गोकेत्सु जिराइया’ वीसेक मिनिटांच्या रूपात शिल्लक आहे, त्यात हे सगळं बघायला मिळतं. जिराइया हा बेडकाची जादू येणारा वीर. शत्रू चहूबाजूंनी येतात, हा बोटं जुळवून मुद्रा करतो, डोळे रोखतो, आणि धुराचा लोट, माणूस नाही. दुसऱ्या क्षणी तिथे भलामोठा बेडूक, म्हणजे उघड उघड बेडकाच्या पोशाखात शिरलेला माणूस, आणि तो शत्रूंचा समाचार घेतो. जोड कुठे आहे ते स्पष्ट दिसतं, बाकीचे नट गोठून परत हलायला लागतात ते पण दिसतं. तरी मजा येते, खरंच येते. पुढच्या वर्षीच्या ‘शिबुकावा बान्गोरो’मध्ये तो एका अजस्र कोळ्याशी झुंजतो, तो पण असाच हाताने बनवलेला.

याचं पब्लिक कोण, तर मुख्यतः पोरं, आणि कामकरी माणसं. गल्लीबोळात पोरं बोटं जुळवून गायब व्हायचा खेळ खेळायची, उंचावरून उड्या मारायची, आणि मोठ्यांची ओरड सुरू व्हायची. सिनेमा पोरांना बिघडवतो ही तक्रार जपानात आधीपासून होती, ‘झिगोमार’ या फ्रेंच गुन्हेगारी सिनेमाची नक्कल करतात म्हणून 1912 मध्ये त्याच्यावर बंदी आली, 1917 मध्ये टोकियोच्या पोलिसांनी नियम काढले, पोरांनी काय बघायचं आणि काय नाही, बायका-पुरुषांनी वेगळं बसायचं, बेन्शींना लायसन. मात्सुनोसुकेचे निन्जा या सगळ्याच्या मधोमध.

शिकलेल्या पोरांचा राग

दुसऱ्या बाजूला शिकलेली तरुण मंडळी. त्यांनी अमेरिकन आणि युरोपियन सिनेमे बघितलेले, मासिकं काढलेली, ‘किनेमा रेकॉर्ड’ 1913 पासून, ‘किनेमा जुन्पो’ 1919 पासून. कायेरियामा नोरिमासा हा त्यांच्यातला पुढारी. मागण्या साध्या: स्क्रिप्ट पाहिजे, बायकांचे रोल बायकांनी करावेत, मध्ये लिहिलेल्या पाट्या पाहिजेत म्हणजे बेन्शीवर अवलंबून राहायला नको, क्लोजअप आणि कटिंग पाहिजे. शिवाय असे सिनेमे परदेशात दाखवता येत नाहीत ही खंत. कायेरियामाने स्वतः ‘सेइ नो कागायाकी’ काढून दाखवला, तो 1919 मध्ये लागला. 1920 मध्ये शोचिकु ही नाटकवाली कंपनी सिनेमात उतरली ती याच नव्या पद्धतीचं नाव घेत.

आणि या मंडळींना दगड मारायला सगळ्यात मोठी काच कुठली, तर मात्सुनोसुके. तोच तो माणूस, तेच ते डोळे, तीच ती लढाई, हातात तलवार घेतलेली पाट्या टाकायची नोकरी असा एकूण सूर. त्यांच्या मागण्या रास्त होत्या हे मला मान्य आहे, जपानी सिनेमाचं पुढे जे भलं झालं ते त्यातूनच झालं. पण ‘किनेमा जुन्पो’ काढणारे चार जण कॉलेजचे विद्यार्थी होते आणि सुरुवातीला त्यांच्या मासिकात फक्त परदेशी सिनेमांबद्दलच यायचं! म्हणजे ज्या सिनेमांना देशभर गर्दी होत होती त्यांच्याबद्दल नीट लिहून ठेवायला या लोकांना तेव्हा वेळ नव्हता, आणि आज आपण त्या काळाबद्दल जे वाचतो ते बऱ्याच अंशी यांच्याच चष्म्यातून. तिकीट काढून बघणाऱ्या दहा वर्षांच्या पोराने समीक्षा लिहिली नाही.

1921

या केसचा खरा सांधा हे वर्ष आहे. एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

माकिनोला कंटाळा आला होता. त्याचं एक वाक्य जपानी सिनेमावाल्यांच्या तोंडी अजून असतं, पहिली गोष्ट, दुसरं चित्र स्वच्छ, तिसरा अभिनय. आता बघा, ज्याने स्क्रिप्टशिवाय शेकडो सिनेमे काढले तोच म्हणतोय गोष्ट पहिली, आणि ज्याच्या नावावर कंपनी चालते त्या नटाचं काम तिसऱ्या नंबरावर. त्याला दिसत होतं की जमाना बदलतोय, नवीन पद्धतीने काढायला पाहिजे, पण निक्कात्सुला चालू दुकान मोडायचं नव्हतं, आणि स्टार एवढा मोठा झाला होता की त्याला घडवणाऱ्याचं त्याच्यापुढे फार चालेनासं झालं होतं. शेवटी 1921 मध्ये माकिनो बाहेर पडला, क्योतोच्या तोजिइन देवळाच्या आवारात स्वतःची कंपनी काढली, नाव दिलं माकिनो क्योइकु एइगा, म्हणजे शैक्षणिक सिनेमे. नाव शैक्षणिक होतं, काढले शेवटी तलवारीचेच, पण वेगळे.

मात्सुनोसुके त्याच्याबरोबर गेला नाही. 12 वर्षांची जोडी, आणि हा थांबला. लोक म्हणतात हट्टी होता, नवं काही नको होतं. मला हा निर्णय बऱ्यापैकी शहाणपणाचा वाटतो. वय 45 च्या पुढे, निक्कात्सुची थिएटरं देशभर, महिन्याला काम नक्की, हाताखाली नटांचा मोठा ताफा त्याच्या नावावर जगतोय, आणि समोर काय तर माकिनोची देवळाच्या आवारातली नवीन कंपनी, जिची थिएटरांशी बांधणी अजून व्हायचीय. शिवाय माकिनोला जे करायचं होतं त्यात नट तिसऱ्या नंबरावर. आपल्याला वगळून जो पुढे जाऊ बघतोय त्याच्या मागे कोण जाईल? हा माझा अंदाज, पण त्याची बाजू घ्यायची तर अशीच घेता येते.

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी गोष्ट. टोकियोत शिक्षण खात्याने सिनेमाचं प्रदर्शन भरवलं होतं, आणि तिथे युवराज हिरोहितोंच्या समोर, उघड्यावर, मात्सुनोसुकेने कुसुनोकी मासाशिगेचा प्रसंग करून दाखवला आणि तो शूट झाला. मासाशिगे हा चौदाव्या शतकातला वीर, सम्राटासाठी हरणार हे माहीत असूनही लढाईला निघतो आणि मुलाचा निरोप घेतो, शाळेच्या पुस्तकातला ठरलेला धडा. ज्या नटाच्या निन्जांमुळे पोरं बिघडतात अशी ओरड चालली होती त्यालाच शिक्षण खात्याच्या मांडवात हा धडा करायला बोलावलं! मातीतला नट म्हणून हिणवलं गेलेल्या माणसासाठी ही केवढी गोष्ट असेल. म्हणजे माकिनो म्हणतोय हे संपलं, आणि सरकार म्हणतंय या, तुमचा मान मोठा. कुठल्या आवाजावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच सांगा.

उरलेली पाच वर्षं

माकिनो गेल्यावर मात्सुनोसुके बुडायला पाहिजे होता, पण बुडाला नाही. कंपनीत वर चढला, संचालक झाला, स्टुडिओचा कारभार बघायला लागला. सिनेमे पण हळूहळू बदलले, ओन्नागाता जाऊन बायका आल्या, पाट्या आल्या, कटिंग वाढलं. 1923 च्या सप्टेंबरमध्ये टोकियोला भूकंप झाला आणि निक्कात्सुची टोकियोची माणसं क्योतोच्या ताइशोगुन स्टुडिओत आली, म्हणजे जुनी आणि नवी पद्धत एकाच आवारात. 1925 मध्ये इकेदा तोमियासुच्या दिग्दर्शनाखाली ‘आराकी मातायेमोन’ आला, त्याची जाहिरातच मुळी मात्सुनोसुकेचा हजारावा सिनेमा म्हणून.

पण त्याच 1925 मध्ये ‘ओरोची’ पण आला. बांदो त्सुमासाबुरो, विशीतला पोरगा, माकिनोच्याच कंपनीत सुसुकिता रोकुहेइच्या स्क्रिप्टांवर वर आलेला, आता स्वतःची कंपनी काढून. दोघांच्या हातात तलवार, पण फरक डोळ्यात भरणारा. मात्सुनोसुकेचा वीर जिंकणार हे पहिल्या मिनिटापासून ठरलेलं, त्याची लढाई म्हणजे नाच, ठेक्यावर पावलं, मध्ये पोज. ‘ओरोची’मधला सामुराई मनाने चांगला पण प्रत्येक वेळी त्याच्याबद्दल गैरसमज होतो, नोकरी जाते, इज्जत जाते, आणि शेवटी एकटा शेकडो शिपायांच्या वेढ्यात सापडतो, धापा टाकतो, अडखळतो. स्टेजवर सावादा शोजिरोच्या शिन्कोकुगेकी मंडळींनी खरीखुरी वाटणारी तलवारबाजी आधीच लोकांना दाखवली होती, आता ती पडद्यावर आली. मात्सुनोसुकेला बघत मोठी झालेली पोरं आता विशीत होती आणि त्यांना हरणारा हिरो पाहिजे होता. इथे तो खरोखर मागे पडला. त्याला क्लोजअप देता आला असता, बायका देता आल्या, कटिंग देता आलं, पण तो हरतोय, तुटतोय हे त्याच्यावर कुणी लिहिलंच नाही आणि पब्लिकने ते त्याच्याकडून घेतलं असतं असं पण वाटत नाही.

आणि ज्यांनी नवी वाट धरली त्यांचं तरी सगळं सुरळीत झालं का, तर नाही. माकिनोने घडवलेले स्टार एकेक करत त्याला सोडून गेले, त्सुमासाबुरो 1925 मध्ये, काताओका चिएझो आणि आराशी कान्जुरो 1928 मध्ये. त्याच 1928 मध्ये माकिनो आपला मोठा ‘चुशिन्गुरा’ घरी एडिट करत असताना नायट्रेट फिल्मने पेट घेतला, रिळं गेली आणि घरही जळलं. 1929 मध्ये तो गेला. ज्या स्टारला कंटाळून तो बाहेर पडला तो मात्र आपल्या कंपनीत शेवटपर्यंत टिकून राहिला होता, हा विरोधाभास मला फार मजेशीर वाटतो.

मात्सुनोसुके 1926 मध्ये शूटिंगच्या काळातच आजारी पडला, हृदयविकार, 11 सप्टेंबरला क्योतोत गेला. एक्कावन्नावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. निक्कात्सुने कंपनीतर्फे अंत्ययात्रा काढली, क्योतोच्या रस्त्यांवर माणसांचा पूर, आणि त्याचं शूटिंग पण झालं, ते आज बघायला मिळतं. हयातीत त्याने क्योतोतल्या गरिबांच्या घरांसाठी मोठी देणगी दिली होती, तिची आठवण म्हणून कामो नदीच्या काठी त्याचा अर्धपुतळा आहे. निक्कात्सुला मात्र रडत बसायला वेळ नव्हता, 1926 मध्येच ओकोची देन्जिरो कंपनीत आला आणि पुढच्या वर्षी इतो दाइसुकेच्या ‘चुजी ताबी निक्की’ने नवा स्टार तयार.

उरलं काय

हजारातलं इतकं कमी का राहिलं याची उत्तरं पण त्याच हिशोबात आहेत. प्रिंट अगदी थोड्या काढायच्या, त्या गावोगाव फिरवून फिरवून झिजवायच्या, झिजल्या की टाकायच्या, नायट्रेट फिल्म पेटते, सडते, त्यात भूकंप, त्यात युद्ध. नवीन सिनेमा पुढच्या आठवड्यात येणारच आहे तर जुना कोण जपेल? जे उरलंय त्यात बरंच खेळण्यातल्या प्रोजेक्टरमुळे. जुन्या रिळांचे छोटे तुकडे कापून पोरांना घरी बघायला विकायचे, कुणाच्या तरी माळ्यावर डब्यात ते राहिले आणि क्योतोच्या टॉय फिल्म म्युझियमसारख्या ठिकाणी आज जमा आहेत. कुठे नुसती लढाई, कुठे नुसती पोज, आगापीछा काही नाही.

आणि सरकारी जपणूक कुणाला मिळाली, तर युवराजांसमोर शूट झालेल्या त्या मासाशिगेला. 2010 मध्ये जपान सरकारने त्याला महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं, सिनेमाच्या फिल्मला हा दर्जा मिळायची ती दुसरी वेळ, पहिला मान त्याआधी एकच वर्ष 1899 च्या ‘मोमिजिगारी’ला, आणि तो तर थेट काबुकीच्या बड्या नटांचा. म्हणजे ज्या सिनेमासाठी तिकिटाची रांग लागली नव्हती तो तिजोरीत, आणि ज्या बेडकासाठी पोरं घरून पैसे मागून पळायची त्याची वीस मिनिटं. तक्रार नाही, त्या समारंभी शूटिंगमध्ये तो संयमाने काम करतो, नेहमीच्या मानाने बराच शांत आहे, म्हणजे त्याला ते पण येत होतं हे कळायला हाच एक पुरावा हाताशी आहे. पण तो बघून मात्सुनोसुके समजला असं कुणी समजू नये.

कुणाला बघायचंच असेल तर ‘जिराइया’पासून सुरुवात करा, आणि शक्यतो बेन्शीचा आवाज असलेली आवृत्ती शोधा. जपानात आजही मोजके बेन्शी हे काम करतात, त्यांच्या कार्यक्रमांत हे जुने सिनेमे लागतात. आवाज बंद ठेवून, मोबाईलवर, चुकीच्या वेगाने बघितलात तर त्या शिकलेल्या पोरांचंच म्हणणं तुम्हाला पटेल.